क्युबाची मिश्री

दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता. मी परसात, खिळ्याला टांगलेल्या आरशासमोर दाढी करत होतो. अर्धा गाल साबणात, अर्धा मोकळा, आणि स्वयंपाकघरातून वास आला.

वास आला की हात थांबायचा, ही माझी तेव्हाची सवय. वस्तरा खाली घेतला, डोळे मिटले. आधी भाजल्याचा खमंगपणा. मग गुळाच्या काहिलीच्या कडेला धरून राहतो तसला गोडवा. आणि मागं, अगदी खोलवर, नव्या चपलांचं दुकान. मी मनातल्या मनात गुण देऊन टाकले. शंभरापैकी ब्याऐंशी. निपाणीत जन्म काढलेल्या माणसानं तंबाखूच्या वासाला ब्याऐंशी द्यायचे म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

मग माझ्या ध्यानात आलं, की हा वास तव्यावरनं येतोय.

तसाच साबणासकट आत गेलो. सासूबाई स्टोव्हपुढं पाटावर बसल्या होत्या. तव्यात काळा चुरा, हातात उलथनं, आणि करंगळीत लाल-सोनेरी कागदाची अंगठी.

"मिश्री संपली हुती, मास्तर," त्या म्हणाल्या. "शालन म्हटली दुकान नवाला उघडतंय. मोरीजवळच्या मडक्यात हे कांडं गावलं. येवढं जाड कांडं कुणी ठेवलं हुतं कुणास ठाऊक. पर भाजतंय झ्याक."

मी खाली बसलो. 

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचं मिश्रीवाचून चालत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि सकाळी दातांना लावून अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही. त्यात वावगं काही नव्हतं. फक्त तव्यावर जे होतं ते क्युबातनं मस्कतला, मस्कतहून मुंबईला आणि मुंबईहून यष्टीनं निपाणीला आलेलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

ते रावसाहेब मगदुमांचं होतं.

रावसाहेबांची तंबाखूची मोठी वखार. पंचाऐंशी साली ती निम्मी मोकळीच पडायला लागली होती, पण माडीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला आमची बैठक भरायची. आम्ही तिघं. रावसाहेब अध्यक्ष. मी, बळवंत चिकोर्डे, हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर. सिगारीच्या राखेचा रंग आणि ती किती लांबवर न तुटता टिकते, ते वीस गुण माझ्याकडं. तिसरे कॉलेजातले इंग्रजीचे प्रोफेसर हुक्केरीकर. त्यांच्या आडनावातच हुक्का होता, म्हणून घेतलं असं रावसाहेब सांगायचे. खरं म्हणजे ते बेळगावच्या रद्दीवाल्याकडनं सिगारींबद्दलची इंग्रजी मासिकं आणायचे, म्हणून घेतलं.

रावसाहेबांचा पुतण्या मस्कतला. तो वर्षातनं दोनदा पेटी धाडायचा. एका रविवारी एकच सिगार. ती तिघांत फिरायची, आणि मग वहीत गुण. सुरुवातीला प्रोफेसर मासिकातनं वाचून सांगायचे, हिला देवदाराचा वास आहे, हिला जंगली बेरीची चव आहे. रावसाहेब एकदा भडकले. "देवदार निपाणीत कुणी बघितलाय? आपल्या वेशीच्या आतलं काय असंल ते सांगा." त्या दिवसापासनं नियम झाला: वेशीबाहेरचा वास वहीत लिहायचा नाही. मग वहीत अशा नोंदी पडायला लागल्या: 'यष्टी स्टँडावरची शेंगदाण्याची भट्टी, दुपारची.' 'पेटीतला लग्नातला शालू.' 'ओला गोणपाट, पण स्वच्छ घरातला.' प्रोफेसरांनी एकदा 'लाल माती' लिहिलं, तर रावसाहेबांनी विचारलं, कुठल्या शेतातली. प्रोफेसर पुढच्या रविवारी तीन शेतांतली माती चाटून आले. हे मी वाढवून सांगत नाही. दोन शेतांतली तर मी त्यांच्याबरोबर होतो.

अठ्ठ्याऐंशीच्या वर गुण कुठल्याच सिगारीला पडले नव्हते. रावसाहेबांनी तरुणपणी मुंबईला एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी क्युबाची एक सिगार ओढली होती, ती शंभर. बाकी सगळ्या तिच्या खाली. अठरा वर्षं ते त्या एका सिगारीच्या आठवणीनं बाकीच्यांचे गुण कापत आले होते.

त्याखेरीज त्यांना अभिमान होता तो वखारीच्या शिस्तीचा. ऐन हंगामात तिथं दीडशे बायका पानं निवडायला असायच्या. संध्याकाळी सुटताना दारात रंगूबाई नावाची मुकादमीण बसायची. प्रत्येकीनं तिच्यापुढं ओचा झाडून दाखवायचा, पदर झटकायचा, मगच उंबऱ्याबाहेर पाय. "तीस वर्षांत माझ्या वखारीतनं एक पान चोरीला गेलं नाही," हे रावसाहेब दर दोन-तीन रविवारांनी सांगायचे. "माल दरसाल जरा हलका भरायचा, पण ती वाळण्यातली घट. रंगूबाईच्या नजरेतनं मुंगी सुटायची नाही."

हे ऐकताना मी राखेकडं बघत बसायचो. कारण त्या दीडशे बायकांत बावीस वर्षं माझ्या सासूबाई होत्या, आणि ही गोष्ट मी रावसाहेबांना कधी सांगितली नव्हती. तसं कारण काही नव्हतं. म्हणजे होतं. माडीवर त्यांच्या शेजारी खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ते बोलायची लाज वाटायची.

त्या वर्षी गणपतीत रावसाहेबांच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी सिगार बंद सांगितली. रावसाहेबांनी घासाघीस करून दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली आणि देवीसमोर बायकोला शब्द दिला: दसऱ्यापासनं सिगारीला हात नाही. मग पुतण्याला पत्र गेलं. पुतण्यानं आपल्या साहेबाच्या हातापाया पडून एक सिगार मिळवली. एकच. काचेच्या नळीत. तीच ती, पारशाच्या घरची.

"ही दसऱ्याआधीच्या रविवारी," रावसाहेब म्हणाले. "मग वही बंद."

प्रवासात ती कोरडी पडली होती. वखारीत ठेवली तर कच्च्या तंबाखूचा वास धरणार, प्रोफेसरांच्या खोलीवर पत्रा, तिथं आणखी वाळणार. माझ्या मोरीजवळ ओल्या वाळूत बसवलेलं एक मडकं होतं, आमच्या सगळ्या सिगारी त्यातच मुरायच्या. म्हणून ती नळीतनं काढून पंधरा दिवस माझ्याकडं ठेवली. आणि नवरात्रासाठी सासूबाई लेकीकडं आल्या.

"मास्तर, साबण वाळला," सासूबाई म्हणाल्या. "लई किमतीचं हुतं का?"

"किमतीचं नव्हे, मामी," मी म्हटलं. "शेवटचं होतं."

मी सगळं सांगितलं. माझी बायको शालन दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, सरळ जा आणि खरं सांगून या. मी म्हटलं, जातो. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेलो, आणि रावसाहेबांचा चेहरा डोळ्यापुढं आला. आठ दिवस तो माणूस भेटेल त्याला विचारत होता, रविवार किती दिवसांवर आला. मी परत आत आलो.

"गेला न्हाई व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"कसा जाऊ?"

त्यांनी स्टोव्ह बंद केला. तव्यातला चुरा डबीत भरला, झाकण लावलं, सावकाश, जशी काही घाई कुणालाच नव्हती. डबीवर टिचकी मारून म्हणाल्या, "मालक आता बी तसंच नाकानं बघत्यात का? पान हातात घेतलं की डोळं मिटून?"

"तसंच."

"मग शालन, माझी पेटी वढ."

पत्र्याची ती पेटी घेतल्याशिवाय सासूबाई कुठं जात नसत. आम्ही समजायचो, त्यात मामांचा फोटो असेल. फोटो होता. त्याच्याखाली एक नेसूचं इरकल, त्याच्याखाली एक गंगावन. म्हातारीच्या तरुणपणाचं असावं, चांगलं मनगटाएवढं जाड, तेलानं काळंभोर. सासूबाईंनी ते उलगडलं, आणि आतनं पानं निघाली. तंबाखूची, अख्खी, तांबूस, हाताएवढी लांब, घडी घालून केसांत गुंडाळलेली. एक डागसुद्धा नव्हता.

"मामी, ही कुठनं आणलीत?"

"तुमी चित्रं काढा, मास्तर. इचारू नका."

त्या दिवशी आमच्या घरी स्वयंपाक झाला नाही. पानांवर ओलं फडकं टाकून ती मऊ केली. दुपारी सासूबाई पोळपाट घेऊन बसल्या. शिरा ओढून काढल्या, पान पानात भरलं, आणि तळव्याखाली अशी वळत नेली, की मी पंचवीस वर्षं पोरांना रेघ ओढायला शिकवणारा माणूस, मला माझ्या धंद्याची लाज वाटली. वरचं पान चिकटवायला मैद्याची खळ. शेवटी लाटण्याचा एक हलका हात. आमची पोळी इतकी गोल कधी झाली नव्हती, असं शालन म्हणाली आणि आईनं तिच्याकडं बघितलं.

माझं काम रंगाचं. खरी सिगार मी पंधरा दिवस न्याहाळली होती. चहाचं कोरं पाणी आटवून ब्रशानं दोन हात दिले, वाळवलं, रात्रभर फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवलं. सकाळी रिकाम्या काचेच्या नळीत घालून बघितली. जुळी बहीण म्हणून खपली असती.

राहिली अंगठी. सिगारीच्या पोटावरचा तो लाल-सोनेरी कागद.

"मामी, तेवढी द्यावी लागेल."

त्यांनी करंगळीकडं बघितलं. "लगीन झाल्यापास्नं पयली अंगठी मिळाली ती कागदाची. आन् ती बी परत द्या."

दिली मात्र.

रविवारी दहाला मी माडी चढलो तेव्हा रावसाहेब इस्त्रीचं धोतर आणि कोट घालून बसले होते. लग्नाला निघाल्यासारखे. प्रोफेसरांनी नवं पेन आणलं होतं. ठरलं असं, की आज ओढायची रावसाहेबांनी एकट्यानं आणि हुंगायचं आम्ही.

त्यांनी नळीतनं सिगार काढली. कानाशी धरून हलके दाबली. कागदाची अंगठी नखानं सोडवली आणि वहीत ठेवली. मग नाकाखालनं एकदा नेली, आणि थांबले.

मी खिडकीकडं बघितलं. माडीवरनं उडी मारली तर खाली हमालांनी रचलेली पोती होती. मोडलं असतं तर एखादंच हाड.

रावसाहेबांनी सिगार पेटवली. पहिला झुरका बाहेर आला आणि खोलीत पसरला. प्रोफेसर नाक पुढं करून म्हणाले, "मासिकात याला कसलंतरी कवचाचं फळ म्हणतात."

"वेशीच्या आतलं," रावसाहेब म्हणाले. डोळे मिटलेले.

"मग... खोबरं."

"खोबरं नव्हे. खोबरेल."

दुसरा झुरका.  प्रोफेसर पेन उघडून बसले होते, ते वाळून गेलं असावं.

"माका घातलेलं खोबरेल," रावसाहेब म्हणाले. "आणि त्याच्याखाली..."

त्याच्याखाली काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सिगार ओढत राहिले. राख दोन बोटं लांब झाली तरी तुटेना. मी घाबरून तिच्याकडं बघत होतो आणि त्यातही मला वीस गुण द्यावेसे वाटत होते. पाऊण तासानं शेवटचं टोक त्यांनी ताटलीत ठेवलं. विझवलं नाही, आपोआप विझू दिलं. डोळे पुसले. प्रोफेसरांना वाटलं, धूर गेला.

"गुण, रावसाहेब?"

"आत्ता नाही." त्यांनी वही मिटून स्वतःकडं घेतली. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, मंगळवारी दसऱ्याला तुमच्या घरी येतो. सोनं द्यायला."

अठरा वर्षांत रावसाहेब मगदूम माझ्या घरी आले नव्हते. सोमवार मी कसा काढला ते विचारू नका. शाळेत पोरांना आंबा काढायला सांगितला आणि फळ्यावर स्वतः सिगार काढून ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी ते आले. हातात आपट्याची पानं, बगलेत वही. शालननं सतरंजी घातली, ते खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले. मला सोनं दिलं, शालनला दिलं. मग म्हणाले, "घरात आणखी कोण मोठं माणूस आहे?"

सासूबाई आतनं आल्या. डोक्यावरनं पदर, नजर खाली. बावीस वर्षं ज्याच्या दारातनं ओचा झाडून बाहेर पडल्या तो मालक जावयाच्या सतरंजीवर बसलेला. मी मधे पडून बोलायला तोंड उघडलं. रावसाहेबांनी हातानंच मला गप्प केलं.

"आमच्या वखारीत होता?"

"व्हय, मालक."

"किती सालापर्यंत?"

"पासष्ट."

रावसाहेबांनी मान हलवली. "विहिरीकडची पट्टी," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी लावलेली. ते पान दुसऱ्या कुठल्या रानात तसं उतरलं नाही. वडील गेले, पट्टीत ऊस गेला, त्याला आता सोळा वर्षं झाली. आम्ही ते पान पोत्यात भरून विड्यांना धाडत आलो. मी स्वतः कधी ओढून बघितलं नव्हतं. परवा पहिल्यांदा ओढलं."

 बाहेर रस्त्यानं पोरं सोनं लुटत चालली होती.

"रावसाहेब," मी म्हटलं, "ती क्युबाची..."

"ती क्युबाची नव्हती हे नाकाखालनं नेली तेव्हाच कळलं, मास्तर. मी इतका म्हातारा झालो नाही. क्युबाचं काय झालं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. आत गेल्या, डबी आणली, झाकण उघडून पुढं धरली. रावसाहेबांनी आत बघितलं, हुंगलं, आणि एकदम असे हसायला लागले की त्यांना खोकला लागला आणि शालन पाणी आणायला पळाली. खोकला थांबल्यावर त्यांनी कोटाची बाही वर केली, चिमूटभर मिश्री बोटावर घेतली आणि दातांना लावली. शब्द सिगारीचा दिला होता. मिश्रीचा कुणी घेतला नव्हता.

मिश्री लावलेला माणूस बोलत नाही. आम्ही चौघं अर्धा तास तसेच बसलो. मग परसात जाऊन त्यांनी चूळ भरली आणि येऊन वही उघडली.

"लिहा, मास्तर. क्युबा. मिश्री करून. नव्वद."

मी लिहिलं.

"रविवारची. निपाणी, विहिरीकडची पट्टी." ते थांबले. "शंभर."

"आणि ती पारशाच्या घरची?"

"तिचे कमी करा. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, काय कळत होतं."

वहीत अंगठी तशीच होती. त्यांनी ती उचलली आणि आपट्याच्या पानावर ठेवून सासूबाईंपुढं केली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतली. मग पदराखालनं त्यांनी आपलं सोनं काढलं. आपट्याचं नव्हतं. शेवटचं उरलेलं तांबूस पान होतं, घडी मोडलेलं.

"घ्या मालक. तुमचंच हाय."

रावसाहेबांनी ते नाकाला लावलं, आणि माझी खात्री आहे, त्या वेळी त्यांच्या मनात वडील नव्हते, मळा नव्हता. त्यांच्या मनात खोबरेल होतं.

"अंबाडा," ते म्हणाले. "ओचा झाडून घेतला, पदर झटकून घेतला. अंबाडा राहिला. बाई, तीस वर्षं मी वाळण्यातली घट म्हणत आलो."

सासूबाईंचा हात मागं गेला. तिथं आता सुपारीएवढी गाठ उरली होती.

"मास्तर, शेरा लिहा," रावसाहेब म्हणाले. "शंभर गुण. झडतीत कसूर. पण एक सांगतो बाई, रंगूबाईच्या नजरेतनं तुम्ही सुटलात कशा, हे मला अजून कळलेलं नाही. ती बाई मुंगी सोडत नव्हती."

सासूबाईंनी करंगळीत अंगठी घातली, हात लांब धरून ती बघितली, आणि मालकासमोर पहिल्यांदाच वर बघून बोलल्या.

"रंगूचा अंबाडा माझ्याहून मोठा हुता, मालक."